देवाआधी चाखलेली हुग्गी

गुंडाप्पाच्या हातची हुग्गी खाल्ली नाही असा माणूस माकणीच्या आसपास शोधून सापडायचा नाही. हुग्गी म्हणजे काय, हे लांबच्या माणसाला सांगायलाच पाहिजे. कांडलेले गहू रात्रभर भिजवायचे, पार मऊ होईस्तोवर शिजवायचे, मग गूळ, सुंठ, खोबरं आणि वरून तूप. एवढंच. पण ते एवढंच किती जणांना जमतं, ते घरी करून बघा म्हणजे कळेल!

एरवी गुंडाप्पा शेती करायचा आणि कुणाचं बारसं, कुणाचं डोहाळजेवण असलं की आचारी म्हणून जायचा. पण श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गावच्या सिद्धेश्वराला हुग्गीचा नैवेद्य करायचा मान त्याच्या घराण्याचा. बाप गेल्यावर तो त्याच्याकडं आला. अंगावर ओलं सोवळं, पोटात उपास, तोंडाला उपरणं बांधलेलं, आणि नियम एकच: देवाला दाखवल्याशिवाय थेंबभरही चाखायचं नाही. ज्यानं चाखलं, त्याच्या हातचा नैवेद्य चालत नाही आणि त्याचा मानही जातो. गुंडाप्पाला हा नियम मनापासून आवडायचा. “लोकांच्या घरी म्या मालकासाठी चाखतो,” म्हणायचा, “हितं पहिला घास मालकाचाच.”

एका वर्षी गूळ नवीन दुकानातून आला होता. काळपट, चिकट. गुंडाप्पाच्या मनात पाल चुकचुकली. खाऱ्या रानातल्या उसाचा गूळ खारट निघतो, हे त्याला चांगलंच ठाऊक. देवळामागच्या चुलीवर ही भलीमोठी कढई रटरटत होती. धुरानं जीव कासावीस झाला म्हणून त्यानं उपरणं हनुवटीखाली ओढलं, डावातला एक थेंब तळहातावर घेतला, फुंकर घातली आणि चाटला. रोजची सवय हो, दुसरं काय!

गूळ गोड होता. झकास गोड होता. “वा!” असं तोंडातून निघालं आणि तिथंच आपण काय करून बसलो ते गुंडाप्पाच्या ध्यानात आलं.

आसपास चिटपाखरू नव्हतं. पोरं हलगीवाल्यांच्या मागं, बाया पत्रावळ्या पुसण्यात गुंतलेल्या. उपरणं वर ओढून गप डाव फिरवत बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि सांगितलं तर? आजा-पणज्यापासून चालत आलेला मान एका थेंबापायी घालवला, असं गाव म्हणणार. आजारात तापानं फणफणतानाही बापानं हा नैवेद्य चुकवला नव्हता. गुंडाप्पानं चुलीतली लाकडं मागं ओढली आणि तो देवळापुढं गेला.

तिथं पंचांमधले मल्लिकार्जुन अप्पा आणि शिवशंकर देवाच्या पालखीची वाट बघत उभे होते. अप्पा वयानं सगळ्यांत मोठे, शिवशंकर कालपरवा पंच झालेला.

“अप्पा, म्या चाखली.”

“काय चाखली?”

“हुग्गी. देवाआधी.”

शिवशंकरनं कपाळावर हात मारला. “काका, पालखी वेशीत आलीया, सारं गाव उपाशी हाय, अन् ही सांगायची येळ हाय व्हय? गप बसा की! कुणी बघितलंय?”

“म्या बघितलंय की,” गुंडाप्पा म्हणाला.

अप्पांनी खाली मान घातली. “गुंडाप्पा, पुढं काय होतंय, ठावं हाय ना तुला?”

“ठावं हाय, अप्पा. मान गेला तर जाऊ द्या. देवापुढं उष्टं न्हाय ठेवायचं.”

एवढ्यात पत्रावळ्या टाकून त्याची बायको सिताबाई पुढं आली. “भिजवल्याले गहू घरी उरल्यात. माजाबी उपास हाय. म्या करू का?”

“काकू, गहू शिजायला दुपार होईल!” शिवशंकर म्हणाला.

“कुकर हाय की.”

“देवाला कुकरातली हुग्गी?”

“का? कुकराला जीभ नसती, बाबा. त्यो काय चाखणार हाय?”

अप्पांना एकदम हसू फुटलं. तिथंच निकाल लागला.

सिताबाईनं डोक्यावरून पाणी घेतलं, तोंडाला पदर बांधला आणि चूल पेटवली. गुंडाप्पा लाकडं घेऊन मदतीला गेला तर तिनं हात आडवा केला. “तुमी तिकडं पारावर बसा.” बसला बिचारा. बापाच्या आठवणीनं डोळे भरून आले, चारचौघांत मान खाली गेल्याची लाज वाटली. पण छातीवरचं ओझं उतरलं, हेही खरंच. पालखी वेशीत खोळंबली, पोरांनी भुकेनं भोकाड पसरलं, एक-दोन म्हाताऱ्यांनी गुंडाप्पाचा यथेच्छ उद्धार केला. कुकरच्या शिट्ट्या मात्र साऱ्या गावानं ऐकल्या. शेवटी पितळी वाटीतून नैवेद्य दाखवला, घंटा वाजली आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. गुंडाप्पाची कढईभर हुग्गी मागाहून जेवण म्हणून वाढली. कढई पुसून खाल्ली लोकांनी, उद्धार करणाऱ्यांनी तर दोनदा मागून घेतली.

पुढच्या श्रावणात पंचांनी मान सिताबाईला दिला. अप्पा म्हणाले, घराणं तेच, हात तेवढा दुसरा. गुंडाप्पानं आनंदानं लाकडं फोडली, पाणी भरलं आणि मग करायला काहीच उरलं नाही म्हणून पहिल्या पंगतीला जाऊन बसला. इतकी वर्षं, देवळात काय नि लोकांच्या घरी काय, सगळे जेवून उठल्यावर, कढईच्या बुडाशी राहिलेलं थंडगार खरवडून तो जेवायचा. आज समोर पत्रावळ आली. सिताबाईनं स्वतः वाढलं, वर तुपाची धार सोडली. वाफ तोंडावर आली तसा गुंडाप्पानं घाईघाईनं मोठा घास घेतला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं.

“अगं,” तो तोंडातला घास घोळवत म्हणाला, “गरम असली म्हंजी ही अशी लागती व्हय!”