शांतव्वाचे गाल

विद्याश्रीची आई शांतव्वा जन्मभर डेअरीत श्रीखंडाचा चक्का बांधत राहिली. तिथली जुनी झालेली मलमलीची फडकी ती घरी आणायची आणि लेक त्यांची माणसं करायची. फडकं मैद्याच्या खळीत बुडवायचं, ओलं असतानाच बोटांनी चिमटून नाक, ओठ, सुरकुत्या उठवायच्या आणि वाळू द्यायचं. वाळलं की चेहरा भिंतीवर टांगण्याइतका कडक होतो. या चेहऱ्यांपायी कोल्हापुरात विद्याश्रीचं थोडंफार नाव झालं. भाऊ शिवकुमारला मात्र ते चिंध्यांचे चाळेच वाटत.

शांतव्वा गेली तेव्हा तिचा धड एक फोटो घरात नव्हता. मोबाइल पुढं धरला की ती पदरानं तोंड झाकायची. म्हणून विद्याश्रीनं विसरायच्या आत तिला कापडात उतरवली. बसलेले गाल, दात गेल्यानं आत ओढलेले ओठ, डोळ्याखालची आडवी घडी. पुरं झालं तेव्हा ती त्या चेहऱ्यापुढं बसून पोटभर रडली.

तेवढ्यात शिवकुमारचा रंकाळ्याच्या पल्याडचा बंगला तयार झाला. पाहुणे आले की जित्या म्हातारीला मागच्या खोलीत बसवणारा हा पठ्ठ्या, आता वास्तुशांतीला तिला हॉलमध्ये लावायला निघाला. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! चेहरा पाहून त्यानं तोंड वाकडं केलं. पोरानं उपाशी मारली म्हणतील लोक, असं त्याचं म्हणणं.

"जरा गाल भर की. न्हाईतर ऱ्हाऊ दे, लावतच न्हाई," तो म्हणाला.

राहू दे म्हणायला हवं होतं. पण अव्वा एकदा तरी पोराच्या घरात पुढच्या बाजूला बसावी, ही हाव विद्याश्रीला सुटेना. तिनं किटलीची वाफ धरली. कापड सैलावलं, तसे तिनं आतून अंगठ्यानं गाल फुगवले, घडी पुसली, ओठ भरले. घाईत आधीच्या चेहऱ्याचा फोटोसुद्धा काढला नाही.

वास्तुशांतीला सगळ्यांनी वाहवा केली. शिवकुमार तर ज्याला त्याला हात धरून त्या चेहऱ्यापुढं नेत होता. डेअरीत शांतव्वाच्या शेजारी बसून चक्का बांधणारी बनाबाईही आली होती. ती त्या चेहऱ्यासमोरच जेवली. निघताना तिनं विद्याश्रीला बाजूला घेतलं.

"तुज्या वैनीच्या आईला लावलंयसा, बरं केलं. पर शांतव्वाला कुठंच न्हाई व्हय लावलं?"



घरी येऊन विद्याश्रीनं नवं फडकं भिजवलं. बोटांखाली गाल भरत गेले. ते फाडून तिनं दुसरं घेतलं, मग तिसरं. प्रत्येक वेळी बंगल्यातली तीच खातीपिती बाई वर यायची. तिनं डोळे मिटले, तरी तीच.

भावाला शिव्या घालाव्यात, तर किटली त्यानं धरली नव्हती.