मनगटावरचा हात

भुतंखेतं हा आमच्या घरात चटणीचा विषय होता. खरंच चटणीचा... तीन रस्त्यांच्या तिकाटण्यावर कुणी उतारा टाकला की आमचे आप्पा त्यातला नारळ उचलून आणायचे आणि आई त्याची लसूण घालून चटणी वाटायची. आम्ही बौद्ध, अंगारे-धुपारे आमच्याकडे चालत नाहीत. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलोच असतो.

आप्पा दौंडला रेल्वेत गँगमन होते. जन्मभर रुळांवर घण मारला. त्यात कधीतरी उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं, पण पकड अशी की लहानपणी त्यांनी मनगट धरलं की सुटायची सोय नसायची. रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत लकवा... उजवी बाजू गेली, बोलणंही जवळपास गेलं. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. बोटं जराशी हलायची, तेवढ्यावरच आमची सगळी आशा होती. आईचं एकच म्हणणं, "सोत्ताच्या हातानं घास खाल्ला तरी लई झालं."

ही गोष्ट १९९९-२००० च्या सुमाराची. मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. खोली शिरूरलाच, रविवारी एसटीनं दौंड. आमच्या परदेशी साहेबाला गोल्फचं वेड. शेडमागं त्यानं नेट बांधून घेतलं होतं, शिफ्ट सुटली की चेंडू बडवत बसायचा. एकट्याला करमेना म्हणून मला धरलं. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात, पण मी रोज संध्याकाळी साहेबापुढं उभा! घरी बोललो नाही. गोल्फ म्हणजे काय हे आईला समजावण्यापेक्षा ओव्हरटाइम आहे म्हणणं सोपं होतं.

माझा चेंडू कायम उजवीकडं पळायचा. साहेब ओरडायचा, "रिस्ट! रिस्ट!" क्लब, म्हणजे ती गोल्फची काठी, वर नेला की उजवं मनगट मागं मोडायचं, खाली येताना तसंच धरून ठेवायचं आणि चेंडूपाशी आल्यावर सोडायचं – एवढंच काम. मी ते वरूनच सोडून द्यायचो. आप्पाही घणाबद्दल असंच सांगायचे, "मनगाट आदी सोडलं की घन निस्ता पडतो, बसत न्हाई." ऐकून माहीत होतं, हाताला जमत नव्हतं.

एका संध्याकाळी क्लब वर नेला आणि माझं मनगट कुणीतरी धरलं. भास नाही... पकड. क्लब खाली येईपर्यंत धरून ठेवलं आणि चेंडूपाशी सोडलं. चेंडू सुतासारखा सरळ गेला. साहेबानं टाळ्या वाजवल्या. तो समोर उभा होता, मागं कुणीच नव्हतं. पुढच्या चेंडूला तेच. आणि या वेळी मला बोटंही कळली. मधलं बोट तोकडं होतं.

मी घाबरलो नाही, उलट आनंदानं रडू फुटायच्या बेतात होतो. वाटलं, आप्पांचा हात सुधारला! दुसऱ्याच दिवशी रजा टाकून दौंड गाठलं. आप्पा खाटेवर होते, रबरी चेंडू उशाशी पडलेला आणि हात वाळत घातलेल्या फडक्यासारखा लोंबत होता.

आई म्हणाली, "काल सांजच्याला हात पार गार पडला बग. आदी बोटं तरी हालायची, आता तीबी न्हाईत."

परत गेलो. पकड रोज येत राहिली. दर रविवारी आईला विचारायचो, तर ती सांगायची, सांज झाली की हात बर्फ होतो. तिकडं पकड घट्ट होत चालली आणि इकडं हात वाळत चालला. मला एकच समजलं – मी त्यांचा हात ओढून नेतोय. साहेबाला पाठीचं कारण सांगितलं आणि खेळ बंद केला. हात घरी परत येईल म्हणून वाट पाहत बसलो. बोट काही हललं नाही.

महिना-दीड महिन्यानं एका रविवारी आप्पांनी डाव्या हातानं तो मेलेला हात उचलला आणि माझ्या मनगटावर ठेवला. ओठ बराच वेळ नुसते हलले. मग शब्द फुटले. "थांब...लास का? जमत... हुतं की."

आई म्हणाली, "काय जमत हुतं रं?"

सोमवारी शिफ्ट सुटल्याबरोबर नेटवर गेलो. अंधारेपर्यंत चेंडू मारले. सगळे उजवीकडं गेले. मनगट कुणी धरलं नाही. मंगळवारीही नाही, त्या पूर्ण आठवड्यात नाही. आप्पा उन्हाळ्यात गेले, शेवटचा घासही आईच्याच हातून.

एका डॉक्टर मित्राला हे सांगितलं. म्हणाला, लहानपणीची पकड तुझ्या अंगात बसली असेल, मसल मेमरी. असेल. मग आप्पांना कसं कळलं, म्हणून विचारलं तर त्यानं विषयच बदलला. खरं सांगायचं तर ते कसं कळलं, याचं मला आता काही वाटत नाही. मला एवढंच कळायला हवं होतं, की मी नेटकडं फिरकलो नाही त्या दिवसांत आप्पा रोज संध्याकाळी तिथं येऊन थांबत होते का.