चरक्यापुढचा दांडा

कोडोलीला हंबीररावांच्या गुऱ्हाळापुढं कंपनीची जीप थांबली, पण सना मुलाणीला उतरावंसं वाटेना. स्वतःच्या गावात, स्वतःच्या बापासमोर उतरणं जिवावर यावं, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. मागच्या सीटवर फिटर आकाराम पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याला बिचाऱ्याला कशाचा पत्ता नव्हता.

तिचे अब्बा, दस्तगीर, या गुऱ्हाळावर चरक्यात ऊस घालतात. ऊस घालण्यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा घालून बघावा. फिरत्या लोखंडी लाटांच्या मधे ऊस ढकलायचा, आणि शेवटचं कांडं आत जाईना झालं की हात थोडा पुढं न्यायचा. त्या ‘थोड्या’त त्यांच्या जोडीदाराचा, गणपतरावाचा, पंजा गेला. सना तेव्हा शाळेत होती. त्या दिवशी अब्बा घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर मात्र गेले.

म्हणून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी बाकीची पोरं ड्रोन उडवायच्या गप्पा मारत होती, तेव्हा हिनं प्रोजेक्ट म्हणून चरक्यापुढचा दांडा मांडला. पोटाच्या उंचीला आडवा दांडा. माणूस जास्त झुकला, पोटाचा जोर दांड्यावर पडला, की लाटा जागच्या जागी थांबल्या. वृषभ सरांना कल्पना भलतीच आवडली. त्यांनी चरके बनवणारी एक कंपनी गाठली. कंपनीनं सामान दिलं, वर्कशॉप दिलं आणि एकच अट घातली, जे तयार होईल ते आमचं. सरांनी अट वर्गात वाचून दाखवली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांत जोरात सनानं. कंपनीचं नाव आपल्या प्रोजेक्टला लागणार, याचंच कौतुक! स्वतःचं घर दुसऱ्याच्या नावावर करताना कुणी टाळ्या वाजवत नाही, पण त्या वयात तेवढी अक्कल कुणाला असते?

दांडा याच गुऱ्हाळावर बसवला आणि पहिल्या दिवसापासून नीट चालला. फ्लेक्स लागला, त्यावर कंपनीचं नाव मोठाल्या अक्षरांत आणि पोरांची नावं मुंगीएवढी. त्याच कंपनीनं सनाला नोकरी दिली. अब्बांनी गल्लीभर पेढे वाटले. नवा हंगाम सुरू झाला आणि कंपनीच्या विजयसिंह साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

“तो दांडा आपण बाहेरच्या देशात जाणाऱ्या मशीनवर लावणार. तोवर असा उघड्यावर नको, कुणीही येऊन नक्कल करेल. गाव तुमचंच आहे, तुम्हीच काढून आणा.”

“सर, तिथं माझे वडील काम करतात.”

“मग बरंच झालं की. वाद होणार नाही.”

ती वृषभ सरांकडंही जाऊन आली. “पुढच्या वर्षीचे सगळे ग्रुप त्याच कंपनीच्या भरवशावर आहेत गं. आणि तुझी नोकरीही तिथलीच,” सर एवढंच म्हणाले. माणूस वाईट असता तर निदान रागावता तरी आलं असतं. जिथं हात लावावा तिथं दार बंद, आणि कड्या सगळ्या तिनंच हौसेनं घातलेल्या.

शेवटी ती उतरली. दांडा न्यायला माणसं येतायत, हे कंपनीनं फोनवर आधीच कळवलं होतं.

“आलीस व्हय?” अब्बा चिपाडं बाजूला सारत म्हणाले. “काढ की. कंपनीचं हाय, कंपनी न्हेणार.”

हंबीरराव मात्र तापले. “आगं, न्हे तुझा त्यो दांडा. पर आमाला दुसरा करून दे की! तुला काय अवघड हाय?”

अवघड काहीच नव्हतं. सगळी मापं तिला झोपेतसुद्धा सांगता आली असती. “देता येत न्हाय, काका,” ती म्हणाली, आणि स्वतःचीच तिला किळस आली.

“ऱ्हाऊ द्या मालक,” अब्बा म्हणाले. “पोरीची नोकरी हाय.”

आकारामनं बोल्ट सोडवले. दांडा जीपमध्ये गेला. तिकडं चुलवाणाच्या जाळापाशी रस आटवून गूळ करणारा गुळव्या रस मागू लागला. अब्बांनी मोटर चालू करण्याआधी उसाची मोळी लाटांच्या तोंडाशी लावली आणि सवयीनं पोट पुढं टेकवलं.

टेकायला काही नव्हतंच. ते तसेच पुढं गेले आणि त्यांचा तळवा थंड लाटेवर आदळला.

“आं!” अब्बा हसले. “सवय लागली की गं.”

सनाला हसू आलं नाही. पूर्वी अब्बा चरक्यापासून अंग चोरून उभे राहायचे, कंबर मागं, नजर लाटांवर. भीती पाठीत भरलेली असायची, आणि तीच त्यांना राखायची. दांड्यानं ती भीती घालवली होती. दांडा आता परत चालला होता, भीती काही परत आली नव्हती. बापाचा हात वाचवायला निघालेल्या पोरीनं तो आधीपेक्षा लाटांच्या जवळ नेऊन ठेवला होता.

“अब्बा, आज नका घालू.”

“मग कोन घालणार? रसाची काहील तापलीया.”

त्यांनी मोटर चालू केली. सनानं मागून त्यांचा सदरा मुठीत घट्ट धरला.

“सोड की गं. लोक बघत्यात.”

ऊस आत जाऊ लागला. अब्बा प्रत्येक वेळी पुढं झुकत होते आणि ती प्रत्येक वेळी मागं ओढत होती. जीपचा हॉर्न वाजला. खिशात फोन वाजला, साहेबांचा. मग पुन्हा हॉर्न.

तिनं मूठ सोडली.

जीप निघाली तेव्हा तिनं मागं बघितलं नाही. काच खाली करून फाट्यापर्यंत ती चरक्याचा आवाज ऐकत राहिली, एकसारखा चालू आहे ना, मधेच अडकत तर नाही.