कडुलिंबाला आंबा

"ही आमची वारली मुलगी," सरांनी पाहुण्यांना सांगितलं. "हात बघा हिचा. खून में है इनके."

मी स्टुलावर उभी होते. गेरूच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने नाचणारी माणसं काढत होते. महाराज बाडा चौकाजवळचं सरांचं वकिलीचं ऑफिस. माझा काळा कोट खुर्चीच्या पाठीवर. पाहुण्यांनी कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वकील पण आहे?"

"आहे ना. कोट्यातून." सर हसले, पाहुणेही हसले. "पण कोर्टात काय बोलणार ही? भिंतीवरच बरी."

मी ब्रश बुडवला आणि पुढचा माणूस काढला. राग यायला हवा होता. आला नाही. दात काढताना डॉक्टर हिरडी बधिर करतो ना, तसं. सगळं कळत होतं, दुखत काहीच नव्हतं.

त्या दिवशी माझी केस होती. फूलोबाई, घाटीगावकडची सहरिया आदिवासी म्हातारी. सरकारने पट्ट्यावर दिलेली तिची जमीन गावातल्या एका बड्या माणसाने बळकावली होती. त्या दिवशी तिची उलटतपासणी होती. कागद मी तयार केलेले, वस्तीवर खेपा मी घातलेल्या. सकाळी सर म्हणाले, "अगं, आज तू राहू दे. कोर्टात आमचा पुतण्या बघून घेईल. संध्याकाळी लोक येणार, भिंत पूरी व्हायला पाहिजे ना."

मी म्हणाले, "हो सर."

हे "हो" घरातलंच. वडील जव्हारकडचे. इथल्या मुरारच्या लष्करी छावणीत स्वयंपाकी होते. साहेब काहीही म्हणो, "जी साब." घरी आईने जेवायला हाक मारली तरी तोंडातून "जी साब" निघायचं. आम्ही भावंडं खिदळायचो. चित्रं काढायला मला आईने शिकवलं. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, हे वडिलांनी.

दुपारी पुतण्या कोर्टातून आला. मजेत होता. "काका, बुढ़िया ने तो हर बात पे हओ बोल दिया." समोरच्या वकिलाने विचारलं, जमीन तुमची नाही ना? हओ, म्हणजे हो. केस करायला तुम्हाला कुणी शिकवलं ना? हओ. सगळं रेकॉर्डवर.

सर चहा ढवळत होते. "चलो, केस कमजोरच होती. तू त्या कोपऱ्यात एक झाड टाक."

"नाही," मी म्हणाले.

"क्या?"

"झाड नाही टाकणार. फूलोबाईची केस मी घेऊन जाते."

"तुला आम्ही घडवलं गं. विसरली?"

रंगाच्या हातांनी कोट चढवला आणि निघाले. पाय चालत होते, मी त्यांच्यामागून जात होते.

फूलोबाई कोर्टाच्या फाटकाशी बसली होती. मला बघून उठली. "बाई, हमने ठीक बोलो? वकील साब नाराज तो नईं भये?"

तेव्हा मात्र दुखलं. तिला तिची जमीन जाईल याची काळजी नव्हती. जमीन खाणाऱ्याचा वकील रुसेल याची होती. आणि मी सकाळी दुसरं काय केलं होतं?

तिने माझ्या नावाच्या नव्या वकीलपत्रावर अंगठा दिला. उलटतपासणी अर्धी राहिली होती, उरलेली पुढच्या तारखेला होणार होती.

रविवारी वस्तीवर गेले. चुन्याने जमिनीवर कोर्ट काढलं. न्यायाधीश, तारखा लिहिणारा पेशकार, दोन्ही वकील, साक्षीदाराचा चौकोन. सगळे भोवती बसले. उलटतपासणी चालू असताना साक्षीदाराला पढवता येत नाही, म्हणून केसबद्दल मी एक अक्षर काढलं नाही. कोट घातला, आवाज चढवला आणि समोरच्या कडुलिंबाकडे बोट केलं.

"ये आम का पेड़ है?"

फूलोबाई चौकोनात हात जोडून उभी. "हओ, साब."

कुणी हसलं नाही. दुसरी बाई उभी केली. हओ. एक तरणा गडी उभा केला. हओ. ज्या झाडाखाली जन्म काढला, ते झाड काळ्या कोटाला बघून आंब्याचं झालं.

मी कोट काढला. "सच हो तो हओ. झूठ हो तो नईं. वकील बुरा मानेगा. मानने दो."

पुन्हा कोट, पुन्हा तोच प्रश्न. ऊन डोक्यावर आलं. मग फूलोबाई पुटपुटली, "नईं. नीम है."

"जोर से."

"नीम है!" ती ओरडली. आणि लगेच अंग चोरलं. मी मारीन असं वाटलं तिला.

मला आनंद झाला नाही. काहीच झालं नाही. फक्त आता काय करायचं ते स्पष्ट दिसलं.

तेव्हापासून रविवारी मी चुना घेऊन कुठल्या ना कुठल्या वस्तीवर असते. सर कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये सांगतात, ही वकिली सोडून नौटंकी करते. सांगू देत. फूलोबाईची तारीख जवळ आली आहे. आम्ही हरूही. रेकॉर्डवर चढलेलं हओ पुसता येत नाही. पण त्या दिवशी तिच्याऐवजी मी बोलणार नाही. ती बोलेल. आणि तिच्या तोंडचं "नईं" शब्दाला शब्द कागदावर चढल्याशिवाय मी खाली बसणार नाही. न्यायाधीशांनी बसा म्हटलं तरी नाही.