सासूबाईंची पुढची जागा

आमच्या जीपमधली ड्रायव्हरशेजारची जागा सासूबाईंची. चुकून दुसरं कोणी तिथं बसलं, तर मागचे पॅसेंजरच त्याला उठवायचे. मोखाडा ते सूर्यमाळ मी जीप चालवतो. वरच्या पाड्यांवरची माणसं बाजाराला खाली आणतो आणि संध्याकाळी परत नेऊन सोडतो. बायकोचं माहेर त्यातल्याच एका पाड्यावर. त्यामुळे निम्मे पॅसेंजर नात्यातले, आणि उरलेले निम्मे सासूबाई ज्या गाडीत बसतील त्या गाडीत बसणारे. इतका सोपा धंदा हातात असताना मला जीप उंच करायची बुद्धी झाली.

कारण विचारलं की मी रस्त्याकडे बोट दाखवतो. पावसात वरचा रस्ता उखडतो, दगड उघडे पडतात, गाडीचं पोट घासतं. हे खरंच आहे. पण धबधबे बघायला येणाऱ्या मुंबईकरांच्या उंच जीपा जव्हारच्या नाक्यावर लागल्या की त्यांच्या शेजारी माझी गाडी उकिडवी बसल्यासारखी दिसायची, हे जास्त खरं आहे. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला स्वतःची उंची वाढवता येत नाही, गाडीची येते.

मेहुणा, म्हणजे सासूबाईंचा थोरला मुलगा, ठाण्याला गॅरेजात. तो म्हणाला, "दाजी, चार इंच उचलू. हत्ती करून देतो."

दिला. पण माजावर आलेला. रिकामी गाडी जरा वेगात गेली की रस्ताभर भरकटायची. स्टिअरिंग वळवलं की वळायचं, सोडलं की सरळ व्हायचं नाव नाही. चाक खड्ड्यात गेलं की हाताला हिसका मारायचं. मेहुणा म्हणाला, टायर. टायर बदलले. मग म्हणाला, स्टिअरिंग बॉक्स ढिला आहे. तो असा काही आवळला की वळणावर मी अक्षरशः स्टिअरिंगला लोंबकळायचो. शेवटी जव्हारला नेऊन चाकांची अलाइनमेंट केली. तरी तेच. तेव्हा त्यानं निकाल दिला, "गाडी ठीक आहे, दाजी. तुम्हीच हलताय." बायकोला हे लगेच पटलं.

मग माझ्या लक्षात आलं की गाडी खच्चून भरली, मागे दाटी झाली, की ती सुतासारखी सरळ चालते. एवढ्यावर शहाण्या माणसानं गाडीखाली जाऊन पाहिलं असतं. मी पॅसेंजर वजनाप्रमाणे बसवायला लागलो.

"मावशी, तुम्ही जरा मागं बसा."

"का रं? मी काय भाताचं पोतं हाय?"

"तसं नाही, मावशी, मागं हवा चांगली लागते."

"मंग तूच बस की मागं, हवा खात."

माणसं कमी असली की मागच्या सीटखाली दगडांची पोती टाकायचो. एका बाजारच्या दिवशी सकाळी नागलीच्या पोत्यांना जागा हवी म्हणून दगड उतरवले होते. संध्याकाळी परतताना गाडीत सासूबाई एकट्याच. बाकीचे लग्नाला गेले होते. सासूबाई पुढे, त्यांच्या मांडीवर सुकटीची पिशवी. मागे सगळं रिकामं. घाटातल्या वळणाला चाक खड्ड्यात गेलं, स्टिअरिंगनं हिसका दिला आणि आमची स्वारी गटारात उतरून डोंगराला टेकली. कोणाला काही लागलं नाही. सुकट मात्र काचेपासून माझ्या खिशापर्यंत पसरली. सासूबाईंनी ती गोळा केली. उतरायला उंच पडतं म्हणून मी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

"जावयबापू, तुम्ही गाडी घेऊन या. मी चालते."

त्यांनी माझी तक्रार कुठेच केली नाही. केली असती तर मला भांडता तरी आलं असतं. पुढच्या बाजारी त्या फाट्यावर उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या जीपमध्ये बसल्या. त्यांच्या मागून सगळा पाडा बसला. त्या जीपचं स्टिअरिंग अर्धा फेरा फिरलं की मग चाकाला निरोप पोचतो. पण ती गाडी बुटकी आहे, आणि ती कशी चालते ते सगळ्यांना वर्षानुवर्षं ठाऊक आहे.

तेव्हा कुठे मी गाडीखाली शिरलो. मागे दगड टाकले, पाहिलं. काढले, पुन्हा पाहिलं. मेहुण्याला फोन लावला, "मागे वजन आलं की गाडी मागे कलते आणि तिच्याबरोबर पुढचा एक्सलही. तेव्हाच ती सरळ चालते. म्हणजे उचलताना तो एक्सल पुढे कललाय."

तो म्हणाला, "मी तेच म्हणणार होतो."

रविवारी तो आला. एक्सल आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये लोखंडी पाचरी ठोकून त्यानं कल काढला. स्टिअरिंग बॉक्स वर गेला होता आणि चाकं होती तिथंच, त्यामुळे मधला दांडा घसरगुंडीसारखा तिरका झाला होता. बॉक्सचा तो दांडा धरणारा हात बदलून दांडाही आडवा केला. झिजलेले जॉइंट नवे घातले. रिकामी गाडी दोन बोटांवर सरळ चालली. निघताना तो म्हणाला, "आईला सांगा, मी दुरुस्त केलीय."

मी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आधी पण त्यानंच केली व्हती ना?"

बाजारच्या दिवशी साक्षीला म्हणून बायकोला पुढे बसवलं आणि सकाळीच फाट्यावर जाऊन उभा राहिलो. बायको उतरून आईला म्हणाली, "आई, मी आले ना बसून. जरासुद्धा हलली नाही."

"तू बायको हायेस त्याची. तुला बसावंच लागंल."

तेवढ्यात दुसरी जीप आली. सासूबाई तिच्यात पुढे चढल्या, पदर नीट केला आणि मग खिडकीतून मला हाक मारली. माझा पाय चटकन पुढे पडला.

"जावयबापू, हे नागलीचं पोतं तेवढं तुमच्या गाडीत घ्या. हितं दाटी व्हतीया."

त्यांनी एक दिलं म्हटल्यावर बाकीच्यांनीही दिली. मी सगळी पोती उचलून सवयीनं मागे लावली, आता तशी गरज नसताना.

अजून तसंच चाललंय. बाजारच्या दिवशी माणसं पुढच्या जीपमधून डुलत जातात आणि त्यांची पोती घेऊन मी मागून जातो, अगदी सरळ.