पायवाट वाचवायला गेले, त्याची हकीकत

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘सोनेरी मुरबाड’. त्यात आम्ही चाळीसेक जण आहोत आणि प्रत्यक्ष मुरबाडमध्ये राहणारे तीन. ते तिघं कधी काही लिहीत नाहीत, त्यांना कामं असतात. बाकीचे आम्ही रोज सकाळी चुलीचा नाहीतर पाटी-पेन्सिलीचा फोटो टाकतो, ‘गेले ते दिवस’ म्हणून उसासे टाकतो आणि मग एसी लावतो.

या ग्रुपवर माझी जरा वट आहे, कारण मी ब्लॉग लिहिते. माझा सगळ्यात गाजलेला लेख ‘ती पायवाट’. सिद्धगडाच्या पायथ्याशी करंजपाडा नावाची वस्ती आहे, तिथे चढून जाणारी ही वाट. लेखात करवंदाच्या जाळ्या आहेत, झऱ्याचं पाणी आहे आणि एका दुपारी डोलीत बसून सासरी निघालेली नवरी आहे. हिरव्या बांगड्या भरलेला हात डोलीबाहेर लोंबतोय, पुढे पुरुष झपझप चाललेत, मागून बायका रडतायत. नवरीवर मी चांगले दोन परिच्छेद खर्च केले होते. लोक रडले. दुबईच्या एका वर्गमैत्रिणीने तर रडक्या चेहऱ्यांची रांगच पाठवली.

यंदा बातमी आली की करंजपाड्याला डांबरी रस्ता व्हायचं घाटतंय. ग्रुप पेटला. आमचा अ‍ॅडमिन दिलीप ठाण्यात बाविसाव्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट अर्धा तास बंद पडली तर सोसायटीला तक्रारीचं पत्र देतो. त्याने ‘पायवाट वाचवा’ मोहीम काढली. हरकतीचा अर्ज झाला, त्याला माझा लेख जोडला आणि तो मुरबाडच्या कार्यालयात पोचलासुद्धा. उणीव एकच होती, स्थानिक लोकांच्या सह्यांची.

“सुमन, तुझी ती करंजपाड्याची हिरा अजून तिथेच राहते ना?” दिलीपने फोनवर विचारलं. “दोन दिवस जा, सह्या घेऊन ये. ब्लॉगलाही मजकूर होईल.”

मला दोन्ही कारणं पटली. खरं सांगायचं तर दुसरं जास्त पटलं.

तुम्हाला जायचं असेल तर कल्याणहून मुरबाडची एसटी धरा. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे एसटी नाहीतर जीप. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, म्हणजे आठवणी स्वस्तात पडतात. मी मात्र मुद्दाम वाकडी वाट केली आणि शहापूर, किन्हवली करत गेले. माझे वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. शहापूरला मी जन्मले, किन्हवलीत शाळेत जायला लागले, मुरबाडमध्ये सातवीपर्यंत शिकले आणि मग वडिलांची पनवेलला बदली झाली. लेखिकेने कसं, आपल्या पाऊलखुणांवरून जावं.

शहापूरला आमच्या क्वार्टरच्या जागी मोबाइलचं दुकान निघालं. तिथे उभं राहून मी गहिवरायचा प्रयत्न केला, पण दुकानदार ‘काय दाखवू?’ म्हणून इतका मागे लागला की एक कव्हर घेऊन बाहेर पडले. किन्हवलीच्या स्टँडवर एक आजोबा बसले होते.

“आजोबा, दवाखान्याजवळ मोठी चिंच होती ना हो?”

“व्हती.”

“तोडली का?”

“पडली. वादळात. माज्या टपरीवर पडली.”

“अरेरे,” मी म्हणाले. हे मी चिंचेसाठी म्हणाले, ते आजोबांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवून तंबाखू मळायला घेतली.

मुक्काम मुरबाडला केला. बाजारपेठेतल्या एका लॉजवर खोली बरी मिळते, फक्त गरम पाण्यासाठी सकाळी सहाच्या आत ओरडावं लागतं. मिसळ झणझणीत आहे. पाव आमच्या वेळचे नाहीत, असं मी ग्रुपवर कळवलं. तसे आमच्या वेळी मी पाव खाल्लेच नव्हते, आई बाहेरचं खाऊ द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी म्हसामार्गे जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली हे ड्रायव्हर ठरवतो. तुम्हाला वाटतं दहा जणांत भरली, त्याला पंधरातही जागा दिसते. साठ रुपये दिले, खिडकी मिळाली आणि मांडीवर कुणाची तरी कोंबडी.

“ट्रेकिंगला का?” ड्रायव्हरने विचारलं.

“नाही, माझं बालपण इथलं आहे.”

“हां, हां,” तो म्हणाला. “शनवार-रयवारला लय येतात.”

आता खरं सांगून टाकते. करंजपाड्यावरचं माझं बालपण एकूण चार दिवसांचं आहे. हिरा मुरबाडला मामाकडे राहून शिकायची आणि वर्गात माझ्या शेजारी बसायची. सातवीच्या मे महिन्यात ती मला घरी घेऊन गेली. चार दिवसांनी वडील न्यायला आले आणि आठवड्याभरात आम्ही पनवेलला गेलो. या चार दिवसांवर मी आजवर अकरा लेख लिहिलेत.

जीप जिथे सोडते तिथून दीड तासाची चढण आहे. पाणी दोन लिटर न्या, काठी न्या आणि गुडघे स्वतःचे असतील तरच जा. अर्ध्या वाटेवर एक माणूस खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन माझ्या पुढे गेला. मी दगडावर बसून फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘इथे वेळ थांबलाय’. वेळ थांबला नव्हता, मला धाप लागली होती.

हिराने मला लांबूनच ओळखलं. “सुमे गो! किती जाड झालीस!” असं म्हणून तिने मिठी मारली. तिचा मुलगा मुरबाडला एका कारखान्यात जातो आणि आठवड्याने घरी येतो. सून मनीषा बारावी शिकलेली, तिला सातवा महिना. घरात आणखी एक बाई होत्या, हिराची थोरली बहीण चंद्रा. नवरा गेल्यापासून त्या इथेच असतात. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. निदान मला तसं वाटलं.

तांदळाची भाकरी, सुकट आणि कैरीची चटणी असं जेवण झालं. चहा गॅसवर झाला, याचं मला वाईट वाटलं. मग मी पिशवीतून अर्जाची दुसरी प्रत काढली.

“अर्ज आनलास?” हिरा उठूनच उभी राहिली. “रस्त्याचा?”

“रस्त्याचाच,” मी म्हणाले. शब्दशः ते खोटं नव्हतं.

पाच मिनिटांत ओटीवर माणसं जमली. कुणी लुंगी सावरत आलं, कुणी भाताच्या हाताने आलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, “अंगठा चालंल ना?” सगळे हसत होते, मला पाणी देत होते. आमची सुमी रस्ता घेऊन आली, असं हिरा प्रत्येकाला सांगत होती. मला बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. मला लाज वाटते, पण लिहिते: माझ्या डोळ्यांदेखत तीन सह्या झाल्या आणि मी पेन पुढे करत राहिले.

चौथी मनीषा. ती सही करण्याआधी वाचते.

“मावशी,” ती म्हणाली, “हरकत म्हंजे नको म्हनायचं ना?”

अंगठा पुढे केलेल्या म्हाताऱ्याने हात मागे घेतला.

“सुमे,” हिराने विचारलं, “तू रस्ता नको म्हनाया आलीस?”

मी काहीतरी बोलले. निसर्ग, शांतता, वारसा. कल्याणला हे शब्द चांगले वाटतात. तिथे त्यांना कुठे बसवावं ते कळेना.

“जोडपत्र पन हाय,” मनीषाने पान उलटलं. “ती पायवाट.”

“वाच गो,” चंद्राताई कोपऱ्यातून म्हणाल्या. “बघू तर, आमच्या वाटंवर काय लिवलंय.”

मनीषाने वाचलं. करवंदं झाली, झरा झाला, तोवर ठीक होतं. डोली आली तशी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मनीषा नवरी संपेपर्यंत वाचत राहिली.

“त्या वर्सी पाड्यात लगीनच नव्हतं,” हिरा हळूच म्हणाली.

“अगं, मी डोळ्यांनी पाहिलंय. डोली होती, लाल लुगडं टाकलेलं—”

“डोली व्हती. नवरी नव्हती. आमची चंद्री व्हती. पयल्या बालंतपनाला माहेरी आलेली, शेजारी काकीच्या घरात व्हती. दोन दिस अडली. आसपास नको म्हनून आयने तुला-मला करवंदांना धाडलं. चौघा गड्यांनी बांबूला गोधडी बांधली नि खाली नेली. आमी त्यालाच डोली म्हनतो गो.”

मला डोली हिंदी गाण्यातली ठाऊक होती. तिच्यात नवरीच बसते, मागून रडतात ती माहेरची माणसं. माझ्या मनात दुसरा अर्थ कधी आलाच नाही. करंजपाड्यात डोली म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स.

“आणि बाळ?” मी विचारलं.

“वाटंतच गेलं,” हिरा म्हणाली. “झऱ्यापाशी.”

तो झराही लेखात आहे. थंडगार, अमृतासारखा, असं काहीतरी.

मला रडू आलं आणि रडायचा आपला हक्क नाही हेही कळलं, म्हणून मी खाली बघत राहिले. तेवढ्यात चंद्राताई म्हणाल्या, “पोरी, ते नवरीचं परत वाच.” मनीषाने माझ्याकडे पाहिलं आणि चाचरत परत वाचलं. हिरव्या बांगड्यांचा गोरा हात, लाल पदराआडचं लाजरं मुख, सगळं.

“चांगली दिसत व्हते म्हन की,” चंद्राताई हसल्या. “माज्या लग्नात कोन येवडं बोललं नाय.”

मी अर्ज फाडायला घेतला. हिराने माझा हात धरला. “फाडू नको. पाठ कोरी हाय. तुला लिवता येतं ना? लिव.”

पुढच्या तीन सह्या खोडून हरकतीच्या पाठीवर मी मागणी लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा एकही विशेषण न वापरता लिहिलं. खाली पाड्यातल्या सगळ्या सह्या, अंगठ्यांसकट.

तिसऱ्या दिवशी हिरा आणि मी मुरबाडच्या कार्यालयात गेलो. कारकून सज्जन होता. त्याने कागद उलटसुलट पाहिला.

“या रस्त्याला हरकत आलेली आहे,” तो म्हणाला. “सोबत कुण्या बाईंच्या आठवणी आहेत. फार छान. मी मिसेसलाही पाठवल्या.”

“त्या बाई मीच. मला ती हरकत मागे घ्यायची आहे. आणि रस्त्याची मागणी द्यायची आहे.”

“तुम्ही तिथल्या रहिवासी?”

“नाही.”

“मग मागणी तुम्हाला करता येणार नाही.”

“हरकत घेताना कुणी विचारलं नाही.”

“हरकतीला लागत नाही,” तो समजुतीने म्हणाला.

मग हिरा पुढे झाली. “मी हाय ना तिथली. माजी सही वरतीच हाय.” कागदावर शिक्का बसला. काम पावसाळ्यानंतर बघू, असं उत्तर मिळालं. पावसाळा म्हणजे ओढ्याला पाणी, वाट बंद आणि मनीषाचे दिवस भरणार आषाढात. बाहेर आल्यावर हिरा पायरीवरच बसली. मी तिच्या शेजारी बसले आणि बाळंतपणापर्यंत मनीषाला माझ्याकडे पाठवशील का, असं विचारलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, “तिला तुज्या गॅलरीत तुळस लागंल.”

ग्रुपवर मी सगळं खरं लिहिलं. सहा अंगठे आले. दिलीपने ‘भावना समजू शकतो’ असं लिहिलं आणि लगोलग कुणीतरी बैलगाडीचा फोटो टाकला. त्यावर मात्र बावीस बदाम आले.

मनीषा आता कल्याणला माझ्याकडे आहे. हॉस्पिटल रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, आम्ही दोनदा जाऊन वेळ मोजून पाहिला. लिफ्टमध्ये तिचा जीव घाबरतो. माझ्या तव्यावर तिची भाकरी फुगत नाही, आणि आमच्या नळाच्या पाण्याला कसलातरी वास येतो म्हणते. काल संध्याकाळी मी भाजी निवडत होते, ती खिडकीत बसली होती.

“मावशी,” ती म्हणाली, “घरची लय आठवन येते.”

करंजपाड्याबद्दल बोलायचं म्हटलं की माझं तोंड आपोआप उघडतं, तसं ते उघडलंही होतं. मी ते मिटलं.

“सांग,” मी म्हणाले, आणि मेथीची जुडी बाजूला ठेवली.