आतून ओला मास्क

मी रिॲक्टरला टांगलेलं परमिट काढलं, त्याची घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली.

"काम बंद," मी म्हटलं.

मॅनहोलपाशी ट्रायपॉड उभा होता, दोर लावलेला होता, कंत्राटी टोळी हार्नेस घालून तयार होती. सुपरवायझर माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. असं काम थांबवायची माझी काही पहिली वेळ नव्हती. फरक एवढाच की एरवी लोक मास्क घालत नाहीत म्हणून मी काम थांबवायचे. त्या दिवशी एका माणसाला बळंच मास्क घालायला लावत होते म्हणून थांबवलं.

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. आता रिटायर होऊन माहीमला असते. माहीम म्हणजे आमचं केळव्याजवळचं, मुंबईतलं नव्हे. हे मला आयुष्यभर सगळ्यांना सांगावं लागलंय. गोष्ट करोनाच्या दुसऱ्या लाटेतली आहे. बोईसरच्या हॉस्पिटलांत खाटा मिळत नव्हत्या आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून वाईट फोन यायचा. आमच्याकडे औषधांसाठी लागणारा माल बनायचा, त्यामुळे कारखाना एक दिवसही बंद नव्हता.

आता परमिट म्हणजे काय ते सांगते. रिॲक्टर हे एक बंद, उभं, मोठं भांडं. वरून माणूस जेमतेम आत शिरेल एवढं भोक असतं, त्याला मॅनहोल म्हणतात. आत गाळ साचला की माणसाला उतरून तो खरवडावा लागतो. उतरण्याआधी सगळ्या पाइपलाइन भांड्यापासून वेगळ्या करायच्या, आतली हवा तपासायची आणि मग सेफ्टी ऑफिसरने एका कागदावर सही करायची. तो कागद म्हणजे परमिट. तो टांगलेला असेल तरच माणूस आत जातो. कंपनीत माझा पगार सबनीसांच्या पगारापुढे काहीच नव्हता, पण या एका सहीपुरती मी त्यांची साहेब होते.

सबनीस आमचे प्लांट हेड. माणूस हुशार, कामाला वाघ, आणि नाही हा शब्द ऐकायची अजिबात सवय नसलेला.

आत उतरणारा माणूस एअरलाइन मास्क घालतो. हा आख्खा चेहरा झाकणारा रबरी मास्क. पुढे काच, आणि एका होजमधून, म्हणजे लांब नळीतून, बाहेरची स्वच्छ हवा सतत आत येत राहते. गाळ खरवडताना वाफा सुटल्या तरी माणसाला काही होत नाही. आमच्याकडे असे मास्क दोन. एक आत जाणाऱ्याचा. दुसरा मॅनहोलपाशी दोर धरून उभा असतो त्याचा, कारण आतला माणूस कोसळला तर त्याला उतरावं लागतं. म्हणजे वापरायला खरा एकच. आतली गरमी सोसवत नाही, म्हणून माणसं आळीपाळीने उतरतात. एकाने बाहेर यायचं, मास्क काढायचा, फडक्याने पुसायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा. तारापूरमध्ये वर्षानुवर्षं हेच चालत आलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

करोना आल्यावर मी नियम केला. एकाने वापरलेला मास्क साबणाच्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा, मगच दुसऱ्याला द्यायचा. एका माणसात भागणारं काम असलं की नियम पाळलाही जायचा. त्या दिवशी मात्र तिघांना पाठोपाठ उतरायचं होतं. सकाळी सही करताना मी सुपरवायझरला बजावलं होतं आणि त्याने मान डोलावली होती. मान डोलवायला पैसे पडत नाहीत.

पहिला उतरला रामाशीष. बिहारचा, टोळीतला सगळ्यात जुना. तो बाहेर आला तो खोकतच. फडकं फिरवून त्याने मास्क मनोजच्या हातात दिला.

मनोज जवळच्या दांडी गावचा. घरची बोट, पण वडील थकल्यावर ती विकली आणि हा एमआयडीसीत आला. त्याने मास्क उलटा करून आत बघितलं आणि घातला नाही. सुपरवायझर म्हणाला, घाल, नाहीतर गेटबाहेर जा. मी राउंडवर होते, नेमकी तेव्हाच तिथे पोचले. मनोजने मास्क माझ्यापुढे धरला.

"मॅडम, ह्यो आतून ओला हाय."

मी आत बोट फिरवलं. ओला होता. रामाशीषचा श्वास, घाम, खोकला, सगळं त्यात होतं. त्यानंतर मी परमिट खिशात टाकलं.

सबनीस तरातरा आले. त्यांच्या तोंडाला पावडर सेक्शनमधला महागातला मास्क होता, पुढे प्लॅस्टिकची झडप असलेला. आमच्याकडे तो मास्क मानाचा झाला होता. साहेब लोक तोच घालायचे आणि साहेबांचं बघून इतरही स्टोअरमध्ये तोच मागायचे.

"मॅडम, काय चाललंय? तारापुरात या एअरलाइनपेक्षा भारी मास्क दाखवा मला कुणाच्या तोंडाला."

"गॅससाठी भारी आहे सर. आधीच्या माणसाच्या श्वासासाठी नाही."

पुसलाय ना, असं ते म्हणाले. मी म्हटलं, फडक्याने पुसलाय, आणि रबराच्या घड्यांत, आतल्या झडपांत फडकं जात नाही. धुऊन वाळवायचं तर प्रत्येक वेळी दोन-तीन तास जाणार, तिघांचं काम आज होणार नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मग आज होणार नाही.

मग त्यांनी खरा घाव घातला. ते आवाज खाली आणून म्हणाले, "ही बॅच कसली आहे माहितेय ना? हॉस्पिटलवाले त्या औषधाची वाट बघतायत. उशीर झाला तर जबाबदार कोण?"

हे मला लागलं, खोटं कशाला सांगू? माझी सख्खी मामेबहीण त्याच आठवड्यात पालघरला ॲडमिट होती. क्षणभर वाटलं, द्यावं परमिट. पण मागे दिलीप उभा होता. विक्रमगडकडचा, टोळीतला तिसरा. त्याला महिन्याभरापूर्वी मुलगी झाली होती आणि त्याने आम्हा सगळ्यांना पेढे वाटले होते. मनोजनंतर तोच मास्क त्याच्या तोंडाला जाणार होता.

"उशिराला मी जबाबदार," मी म्हटलं. "वर कळवा. पण ही माणसं घरी काय घेऊन जातील त्याला कोण जबाबदार, तेही वर विचारा."

सबनीस मनोजकडे वळले. "काय रे, एवढा मोठा खलाशाचा मुलगा, घाबरलास?"

मनोजने मान वर केली. हा पोरगा एरवी साहेबांसमोर तोंड उघडत नसे.

"घाबरलो नाय साहेब. मी याचा घालनार नाय, आन माजा दुसऱ्याला देनार नाय. माज्यात काय हाय, मला तरी काय म्हाईत?"

रामाशीष बिचारा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे. तो तंबाखूचं कारण पुन्हा पुन्हा सांगत होता, "मॅडम, खैनी का खाँसी है, बरसों से है." त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं. मीही फारसा ठेवला नाही.

सबनीस म्हणाले की, एका मजुराच्या नखऱ्यावर प्लांट चालत नाही, तो तोंडाला लावायला मास्क मागत नाहीये, टाळायला निमित्त मागतोय. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सर, तुमच्या मास्कला पुढे झडप आहे. आत येणारी हवा गाळून येते, बाहेर जाणारी तशीच जाते. म्हणजे आमची हवा तुम्हाला गाळून आणि तुमची हवा आम्हाला न गाळता. या सगळ्यांत दुसऱ्याचा विचार करणारा मला आत्तापर्यंत एकच दिसला, आणि त्याला तुम्ही गेटबाहेर घालवताय."

त्यांचा हात झडपेकडे गेला.

भांडण करून मास्क वाढत नाहीत. मी केबिनमध्ये गेले आणि फोन लावायला बसले. आमच्या एमआयडीसीत एक चांगली रीत आहे. आग लागली, गॅस सुटला की शेजारचे कारखाने एकमेकांना सामान देतात. धंद्यात एकमेकांचं तोंड न बघणारेसुद्धा त्या वेळी फोमचे ड्रम घेऊन धावत येतात. याला आम्ही म्युच्युअल एड म्हणतो. मी ओळखीच्या सेफ्टी ऑफिसरांना सांगितलं, एअरलाइनचा मास्क हवाय. पहिला हसला. आग कुठे लागलीय, म्हणाला. मी म्हटलं, सगळ्या जिल्ह्यात लागलीय, तुला दिसत नाही का?

दुपारपर्यंत तीन मास्क आले. एक सिक्युरिटीवाला स्कूटरवर पुढे ठेवून घेऊन आला, एखादं बाळ आणावं तसा. एकाची कपलिंग आमच्या होजला बसेना, तो परत पाठवला. उरलेले दोन मी कँटीनच्या मोरीत स्वतः धुतले. रामाशीषचाही धुतला. कँटीनवाला कुरकुरला, पातेली कुठे घासू म्हणून. मी म्हटलं, आज डाळ उशिरा खाऊ. मागच्या शेडमध्ये दोरीवर मास्क वाळत घातले. ते दृश्य बघून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी माझी भरपूर टिंगल केली.

आता तिघांचे तीन मास्क झाले, पण दिसायला सगळे सारखेच काळे. मनोजने बॅगेतून जाळ्याच्या नायलॉनचे रंगीत तुकडे काढले. समुद्रात जाळ्याच्या तरंगत्या बोयांना ज्याची त्याची खूण बांधतात, त्यावरून कुणाचं जाळं ते लांबूनच ओळखू येतं. तसेच त्याने मास्कच्या पट्ट्यांना बांधले. रामाशीषला हिरवा, दिलीपला पिवळा, स्वतःला लाल. गाठ अशी की सुटता सुटेना.

आतली हवा पुन्हा तपासली आणि मी परमिट परत टांगलं. संध्याकाळपर्यंत गाळ निघाला. बॅच उशिरा गेली, पण गेली. सबनीस दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि मला ते दोन दिवस फार सुखाचे गेले.

खरी गंमत पुढेच आहे. गंमत म्हणायची ती आपली बोलण्याची पद्धत.

त्या दिवशी सकाळी गेटवर कंत्राटी कामगारांची नेहमीची टेस्ट झाली होती. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आले. रामाशीष निगेटिव्ह. त्याची खैनी खरी ठरली. आणि मनोज पॉझिटिव्ह. ताप नाही, खोकला नाही, ठणठणीत माणूस. ज्याच्यापासून सगळे लांब सरकत होते तो साफ होता, आणि ज्याच्याकडे कुणी संशयाने बघितलंही नाही त्याच्यात तो आजार होता. त्याच्यानंतर दिलीप उतरला होता, पिवळ्या दोऱ्याचा मास्क घालून. दिलीपची पुढच्या आठवड्यात पुन्हा टेस्ट केली. निगेटिव्ह. एकच मास्क फिरला असता तर काय झालं असतं ते छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. मीही सांगणार नाही. पण दिलीपच्या मुलीचा विचार अजूनही मनात येतो.

तिसऱ्या दिवशी सबनीसांनी मला बोलावलं. आता त्यांचं बोलणं असं होतं की, बघा, ज्याने तमाशा केला तोच करोना घेऊन आला, त्याचा गेट पास बंद करतो.

मी शांतपणे सांगितलं, "जरूर करा. सोबत परमिटवर सही करायला दुसरा माणूस शोधा. तो लोकांना नाही म्हणाला म्हणून आपली टोळी आज कामावर आहे. त्याला काढलंत तर पुढचा माणूस ओला मास्क गपचूप घालेल, आणि ताप आला तरी सांगणार नाही."

त्यांनी समोरचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "किती मास्क लागतील, सांगा." एवढंच. माफी वगैरे काही नाही, आणि मला नकोच होती. त्या दिवशी त्यांच्या तोंडाला झडप नसलेला मास्क होता, तो मात्र मी बघून ठेवला.

संध्याकाळी मनोजला फोन केला. तो विलगीकरणात होता. घरच्यांच्या टेस्ट झाल्या होत्या, आई घाबरली होती. मी धीर द्यायला म्हणून काही बोलणार, तेवढ्यात त्यानेच मधेच विचारलं,

"मॅडम, माजा लाल दोऱ्याचा मास्क कोनाला दिला नाय ना?"

"नाही रे. धुऊन खुंटीला टांगलाय."

"मग बरं हाय," तो म्हणाला, आणि मग कुठे आईबद्दल बोलायला लागला.

मनोज बरा होऊन कामावर आला. आईलाही काही झालं नाही. आता त्या कारखान्यात आत उतरणाऱ्या प्रत्येकाचा मास्क वेगळा असतो, रंगीत दोऱ्यासकट. परदेशातून ऑडिटर आले तेव्हा त्यांना ही पद्धत फार आवडली, आणि ती आपण कशी सुरू केली हे सबनीसांनी त्यांना रंगवून सांगितलं. मी मागे उभी राहून ऐकलं. त्यांनी श्रेय घेण्याला माझी हरकत नव्हती, पद्धत मोडली असती तर मात्र असती.

इतकी वर्षं मी माणसांना शिकवत आले की मास्क स्वतःचा जीव वाचवायला असतो. गॅससाठी ते अजूनही खरं आहे. आजाराच्या बाबतीत मात्र मनोजने विचारलेला प्रश्नच पुरे: माझ्यात काय आहे, मला तरी काय माहीत? ज्याला हा प्रश्न पडत नाही, त्याच्या परमिटवर मी आजही सही करणार नाही.